बंदुकीच्या दुकानदाराचे आभार

अमेरिकेतल्या एका बंदुकीच्या दुकानदाराची मी ऋणी आहे. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, आणि मी या जगात आहे हे त्याला ठाऊकही नाही.

सिंगापूरला, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळची धांदल चालली होती. मी लेकीचा डबा भरत होते, तेवढ्यात अमेरिकेतून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या घटस्फोटाला तीन महिने झाले होते. तेव्हापासून फोन मीच करायचे आणि तो नुसतं "हं" म्हणायचा. आज स्वारीने स्वतःहून फोन केला, म्हणून मी खूश झाले.

"ताई, माझा जुना पासपोर्ट आणि शाळेचा दाखला तुझ्याकडे आहे ना? फोटो पाठव."

आई-बाबा गेल्यापासून घरातले सगळे कागद मी सांभाळते आणि संधी मिळेल तेव्हा ते सगळ्यांना ऐकवतेही.

"कशाला रे?"

"बंदूक घेतोय. चोऱ्या वाढल्यात इकडे."

दुकानातला फॉर्म भरताना त्याने आपल्याकडच्या सवयीने मधे बाबांचं नाव घातलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते नव्हतं. दुकानदार म्हणाला, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत याचा पुरावा आण, मगच तुझी माहिती सरकारी तपासणीला पाठवतो. भाऊ जाम वैतागला होता. "बापाचं नाव लावलं हा गुन्हा झाला का?"

लेकीने ऐकलंच. "मामा सो क्रेझी! हिअर कॅनॉट बाय, लाह," म्हणून ती हसत बूट घालायला गेली. मी मात्र डबा भरायची थांबले. दाराला कुलूप लावायचं विसरणारा हा माणूस, याला चोरांची कधीपासून भीती वाटायला लागली? मागच्याच आठवड्यात त्याने जिवापाड जपलेली गिटार तिथल्या एका मित्राला देऊन टाकली होती; त्या मित्रानेच मला कळवलं होतं. हा स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेणार, हे मला लख्ख कळलं.

मी फाइल उघडली. दोन्ही कागद वरच होते.

"सापडत नाहीयेत रे," मी म्हणाले. "शोधते. उद्या याच वेळी फोन करते."

"नाही तर राहू दे. ऑफिसातला एक जण त्याची जुनी विकतोय. तपासणी दुकानदारालाच करावी लागते. आमच्या राज्यात आपापसात घेतली तर कोणी काही विचारत नाही."

पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! कसला हा कायदा? पण आवाज साधाच ठेवून मी म्हणाले, उद्या फोन करते, तोवर थांब. फोन ठेवल्यावर त्या गिटारवाल्या मित्राला सगळं सांगितलं. तो त्याच संध्याकाळी भावाकडे मुक्कामाला गेला. मला चार दिवसांनंतरचं तिकीट मिळालं. ते चारही दिवस मी रोज ठरल्या वेळी फोन केला, कपाट पाहिलं, माळा पाहिला, असं बिनदिक्कत खोटं बोलले. पाचव्या दिवशी त्याच्या दारात उभी राहिले आणि आधी त्याला एक सणसणीत धपाटा घातला. मग डॉक्टर, औषधं, आणि पुढे दोन महिने आमच्याकडे.

परवा तो पुन्हा आला होता. आता बरा आहे, थोडा जाडही झालाय. इथल्या ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालताना मी त्या दुकानदाराचं गुणगान सुरू केलं. तो अडून बसला म्हणून तू वाचलास, म्हणाले.

"ताई, कागद तुला पहिल्याच दिवशी सापडले होते, हे मला माहीत होतं. तुझ्याकडे कधी काही हरवलंय का?"

मी थांबले. "मग त्या ऑफिसवाल्याकडून का नाही घेतलीस? तो तर काही विचारणार नव्हता."

तो चपला काढून वाळूत उतरला.

"तू उद्या फोन करते म्हणायचीस ना."