ओल्या कुरडयांतला ठसा

आमच्या कॉलनीत अजून सांगतात की, लॉकडाऊनमध्ये आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या येमेनी पोराला वेड लागलं आणि त्यानं आमचं वाळवण तुडवलं. हे खोटं आहे. आणि ते पहिल्यांदा मीच बोललो.

पोरगा इथं कॉलेजात शिकायला आलेला. विमानं बंद झाली, बरोबरचे आधीच निघून गेले होते. खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. आईशी बोलायला तो गच्चीवर जायचा. उन्हाळ्यात बायकोनं गच्चीवर पापड घातले, तशी शेजारीण खालून ओरडली, "वहिनी, त्या परदेशी पोराच्या हातचा करोना खाता का? आमच्याकडं नका पाठवू बरं!"

मी गच्चीला कुलूप लावलं.

तो जिन्यात उभा राहिला. "अंकल, अम्मी बीमार है. पाँच मिनट."

"पापड वाळले की बघू."

पापड झाले, सांडगे झाले. कुलूप तसंच. वरून त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. मग त्याही थांबल्या. बायकोनं दारात ठेवलेलं ताट भरलेलंच परत यायला लागलं. "एकदा बघून तरी या," ती म्हणाली. मी म्हणालो, "नाटकं आहेत सगळी."

एका दुपारी त्यानं कुलूप तोडलं. मी धावत वर गेलो. तो टाकीच्या सावलीत अनवाणी बसून फोनवर रडत होता. सकाळी घातलेल्या ओल्या कुरडयांची साडी त्यानं हळूच बाजूला सरकवली होती. एकही कुरडई मोडली नव्हती. त्याच्या अंगावर धावून जाताना माझाच पाय त्यांत पडला.

खाली गर्दी जमली, पोलीस आले. मी म्हणालो, "डोकं फिरलंय त्याचं. सगळं तुडवलं."

"अंकल, सच बोलो ना," तो म्हणाला.

मी मास्क नाकावर ओढला. त्याला घेऊन गेले. पुढं तो शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी गेला. त्याच्या आईचं काय झालं, मी विचारलंसुद्धा नाही.

यंदा कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या बायका-माणसांत पुन्हा तोच विषय निघाला. "काका, तुमचा येडा लई भारी होता!" मी सगळं सांगून टाकलं. आधी हसले. मग शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली, "यांना डॉक्टरला दाखवा, वहिनी. वयानं होतं असं."

बायको इतकी वर्षं गप्प होती. ती म्हणाली, "कुरडयांत ठसा चपलेचा होता. पोरगं अनवाणी होतं."

शेजारणीनं आपली खुर्ची उचलली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.