वाहेदचाचांची निळी पेटी

नेकनूरकडच्या वाड्यावस्त्यांवर लस पोचवायचं काम वाहेदचाचांनी सत्तावीस वर्षं केलं. आधी सायकलवर, मग लुनावर, शेवटी मोटारसायकलवर. पेटी मात्र कायम निळी. सकाळी आरोग्य केंद्रात बर्फाच्या चपट्या बाटल्या निघाल्या की चाचा त्या लगेच पेटीत भरत नसत. कडक बर्फ चिकटला तर काही लसी गोठून वाया जातात. म्हणून ते एकेक बाटली कानाशी धरून हलवत आणि आत पाणी खुळखुळलं की मगच भरत. नवे डॉक्टर हसायचे. चाचा म्हणायचे, "बोलती हाय ती सायेब, ऐका तर खरं."

काय दिवस होते ते! सायकल वस्तीत शिरली की पोरं 'कुल्फी, कुल्फी' करत मागं लागायची आणि सुई दिसली की धूम ठोकायची. त्यातली कितीतरी आता स्वतःची लेकरं कडेवर घेऊन यायची. चाचांना नावं आठवायची नाहीत, पण कोण किती रडलं होतं ते बरोबर आठवायचं.

मेअखेरीस ते निवृत्त झाले. शेवटची फेरी होती आसारामच्या वस्तीवर. आसाराम मेंढरं राखणारा. त्यानं अंगणात सत्कार ठेवला होता: टॉवेल, टोपी, नारळ आणि भाषण. एरवी मेंढरांशीच बोलणारा माणूस, त्या दिवशी ऐकायला माणसं मिळाली म्हणून सुटलाच. तेवढ्यात पोरांनी पेटीभोवती गराडा घातला. "चाचा, बर्फ दावा की!" सत्तावीस वर्षं पेटीला कुणाचं बोट लागू न देणारा हा माणूस त्या दिवशी विरघळला. बर्फाच्या चारही बाटल्या त्यांनी पोरांच्या हातात दिल्या. पोरांनी त्या गालाला लावल्या, हातोहात फिरवल्या. झाकण उघडं, पेटी उन्हात, आणि चाचा खुर्चीवर टॉवेल-टोपीत.

दोन-अडीच तासांनी ते पेटीपाशी आले आणि त्यांनी लसीच्या बाटल्या बाहेर काढल्या. पोलिओच्या बाटलीवरचा, उष्णतेनं रंग बदलणारा फिका चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतकाच काळा पडला होता. म्हणजे ती लस गेली. बाकीच्यांचे चौकोन अजून फिके होते, पण त्यांनीही तेच ऊन खाल्लं होतं.

इकडं लस टोचायला विजयमाला सिस्टर टेबल मांडून बसल्या होत्या. बायांच्या रांगेत पहिल्या नंबरला आसारामची सून ऋतुजा, कडेवर नऊ महिन्यांची लेक. उद्या पहाटे त्यांचा कळप हलणार होता, मग पुढचे चार-सहा महिने सुई कुठली? सिस्टरनं न बघताच हात पुढं केला. "द्या चाचा. तुमची पेटी हाय, बघायचं काय तिच्यात?"

एवढंच ऐकायला ते सत्तावीस वर्षं राबले होते. आणि आज गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. लाज इतकी वाटली, की डोक्यावरची नवी टोपी त्यांनी काढून खिशात कोंबली.

"सिस्टर, देऊ नका," ते म्हणाले. "माझ्याच्यानं चूक झाली. लस उन्हात ऱ्हायली."

आसारामच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"समद्या बाटल्या बाजूला ठिवा, वर चिठ्ठी लावा. त्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. मी दुसरी आनतो."

"येवढ्या उन्हात? अन् आम्ही उद्या पहाटे निघनार, त्याचं काय?" ऋतुजा म्हणाली.

"दिवस मावळायच्या आत येतो, पोरी. थांबशील?"

ती पोरीला घेऊन तिथंच सावलीला बसली.

चाचा परत आले तेव्हा पाच वाजले होते. एकही बाई उठून गेली नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

सिस्टरनं पेटी उघडली. या वेळी एकेक बाटली बाहेर काढून, उजेडाकडं धरून, तिचा चौकोन नीट निरखला. चाचांच्या देखत, पहिल्यांदाच. मग ओशाळून म्हणाल्या, "राग नका मानू चाचा."

काळजात कळ उठली खरी. पण चाचा जवळ सरकले आणि पुढची बाटली त्यांनीच सिस्टरच्या हातात दिली.

"राग कावून येईल? अशीच रोज बघत जा. माझी पेटी म्हनून न बघता किती सुया दिल्या असतील तुमी, याचंच मला आता लई भ्या वाटतंय."