शेवटच्या प्रकरणाची टाचणी

कपाट आवरताना एक जुनी विनोदी रहस्यकथा हाती आली. शेवटच्या प्रकरणाला लावलेली टाचणी पार गंजली होती. घरात असं पुस्तक आलं की बाबा शेवटची पानं टाचून टाकत, आणि सगळ्यांचं तिथवर वाचून झालं की मगच मोठ्याने वाचून दाखवत. आई दर वेळी म्हणायची, "खून आत्याबाईंनीच केलाय!" आणि हटकून चुकायची.

त्या पुस्तकांतली विक्षिप्त माणसं एकमेकांवर खुनाचा संशय घेतात, तरी चहाला एकाच टेबलाशी बसतात. तेव्हा त्यांचं हसू यायचं, आता हेवा वाटतो. आईबाबा गेल्यावर दादा नि मी साध्या कुरबुरीवरून बोलेनासे झालो.

मी टाचणी काढायला गेले, पण हात थांबला. दादाचं अजून वाचून व्हायचंय.