पौषात खेळाडू हलवू नये

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात रविवारी संध्याकाळी साडेसातला इटली लागायची. दुसऱ्यांकडे सिरियल लागते तशी. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. केबलवाल्याने कुठलं तरी स्पोर्ट्स चॅनल टाकलं होतं, त्यावर आठवडाभर क्रिकेटच्या शिळ्या मॅचेस आणि रविवारी इटलीची फुटबॉल लीग. सगळी बिल्डिंग क्रिकेटवाली. फुटबॉलचं वेड तिघांनाच: बाबांना, वरच्या मजल्यावरच्या काकांना आणि मला. मी मुलगी असून फुटबॉल बघते याचं बिल्डिंगमधल्या बायकांना फार कौतुक, म्हणजे "कसं होणार हो हिचं?" असं त्या माझ्या आईला जिन्यात गाठून विचारायच्या.

बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना इटलीच आवडायची, इंग्लंड नाही. "आमच्याकडे काम चांगलं झालं हे कसं कळतं? काही झालं नाही की," असं ते म्हणायचे. "हे लोक तेच करतात. नव्वद मिनिटं काही होऊ देत नाहीत." शून्य-शून्यची मॅच बघून हा माणूस तृप्त होऊन जेवायला बसायचा. काका कांद्याचे व्यापारी, मूळचे निफाडकडचे, रोज सकाळी स्कूटर काढून लासलगावच्या मार्केटला जाणारे. गोल झाला नाही की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "भाऊ, आज लिलावच निघाला नाय," असं म्हणून ते चपला शोधायला लागायचे.

क्लबांची नावं आमच्या तोंडात बसायची नाहीत. आम्ही शर्टावरून ओळखायचो, लाल-काळे, जांभळे, पट्टेवाले वगैरे. बाबांचा जीव एका हिरव्या शर्टाच्या क्लबात अडकला होता. समुद्रकाठचं कुठलंसं लहान गाव, दरवर्षी खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचणारं. त्यांचा आठ नंबरचा कॅप्टन बाबांचा फार लाडका. सगळं आयुष्य त्याने त्याच क्लबात काढलं होतं. तो काही फार गोल मारायचा नाही. पण बॉल त्याच्याकडे आला की बाबा पाठ टेकून बसायचे, इतका त्यांचा त्याच्यावर भरवसा.

मॅच हे निमित्त. खरी मजा वादात होती. कोण कुठल्या क्लबातून कुठे चालला याची बातमी मुंबईच्या इंग्रजी पेपरात दोन ओळींत यायची, तीही शिळी. तेवढ्या दोन ओळींवर आमचे तीन-तीन रविवार निघायचे. काकांचा सिद्धांत ठरलेला. "खेळाडू आणि कांदा, भाव आला की काढावा. कांदाचाळीत ठेवून ठेवून कोंब फुटले, की मग बोंबलत बसा." बाबांचाही ठरलेला. "शेठ, मशीनवर एकदा सेटिंग बसली की हलवायची नसते. परत बसवायला जीव जातो." मला दोघांचा राग यायचा. एकाला माणूस म्हणजे कांदा वाटायचा, दुसऱ्याला लोखंड. मी मध्ये तोंड घातलं की दोघे मिळून माझ्यावर तुटून पडायचे, आणि मी कुणाला ऐकते! शेजारच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप पडेपर्यंत आमचं चालायचं.

वाद सुटला नाही की तो आईकडे जायचा. आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नेमकी म्हणूनच ती पंच. ती डायनिंग टेबलाशी भाजी निवडत बसलेली असायची, टीव्हीकडे पाठ करून. तिची एकच अट होती. "बॉलबिल मला सांगू नका. माणूस कोण, घरी कोण, काम कसं करतो, एवढंच सांगा." मग काका घसा साफ करून केस मांडायचे. एकदा असाच एक जण लहान क्लब सोडून मोठ्या क्लबात जायला निघाला होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायको काय म्हणते त्याची?"

काका म्हणाले, "वहिनी, ते पेपरात येत नाय."

"मग कळलं की या," आई म्हणाली आणि परत गवारीला लागली. पुढची तारीख पडली.

आणखी एकदा एका म्हाताऱ्या गोलकीपरला काढून तरुण पोराला आणावं का, असा प्रश्न होता. आईने निकाल दिला की म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचं नाही, पोराला त्याच्या हाताखाली ठेवायचं, वर्षभराने आपोआप कळेल. बाबांनी टाळी दिली. काका म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मार्केट कमिटीवर घेतो."

पण आईचा गाजलेला निकाल जानेवारीतला. लाल-काळ्यांनी ऐन सीझनच्या मध्यात एक परदेशी स्ट्रायकर उचलला होता. काका खूश, बाबा नाराज. आईने विचारलं, "महिना कोणता?"

"जानेवारी," बाबा म्हणाले.

"तो तुमचा. आपला?"

"पौष," काका पुटपुटले.

"मग! पौषात कुणी नव्या घरात पाय ठेवतं का? नाही लाभणार तो त्यांना." आणि खरंच, तो गडी सीझनभर बाकावर बसून राहिला. बाबांना हसू आवरेना. काका मात्र व्यापारी माणूस, त्यांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून जानेवारीत विकत घेतलेला कुठलाही खेळाडू दिसला की ते म्हणायचे, "हा पौषातला माल हाय, याचं काय खरं नाय."

असं मजेत चाललं होतं. दोन हजार साल उलटलं आणि इटलीचे दिवस फिरले. चांगले खेळाडू एकेक करून स्पेनला नाहीतर इंग्लंडला जायला लागले. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. इंग्लंडची लीग दुसऱ्या चॅनलवर आली होती, चित्र लख्ख, प्रेक्षक ओरडतायत. बिल्डिंगमधली पोरंही आता इंग्लंडचे शर्ट घालून खाली खेळायला लागली. काका एका रविवारी म्हणाले, "बाजार उठला भाऊ इटलीचा."

"मंदी आहे शेठ. बाजार असा उठत नसतो."

मी म्हणाले, "उठलाच आहे. म्हातारे सोडत नाहीत, नवे खेळवत नाहीत. दहा वर्षांनी कोण बघणार यांना?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांचा क्लब विकून आलेय. "तू पण?" एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. आमच्या घराण्यात ती पद्धतच नाही.

मी तेव्हा कॉलेज रोडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचे. त्याच हिवाळ्यात बडोद्याचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर, घरचे मराठी, माणसं साधी. पहिल्यांदा भेटलो ते घरी, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्यांदा दोघंच पांडवलेणीच्या पायथ्याशी उसाचा रस प्यायलो. मी बोलता बोलता हिरव्यांच्या बचावफळीवर घसरले आणि भानच राहिलं नाही. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला यातलं काहीच कळत नाही, पण तुम्ही सांगा." आजवर जे जे मुलगे बघितले त्या सगळ्यांनी मला फुटबॉल समजावून सांगितला होता. मी घरी येताना रिक्षातच मनाशी हो म्हणून टाकलं.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "चांगलं आहे. कळवू." आणि कळवेचनात. बडोद्याचे लोक फोन करत, आई काहीतरी सांगून वेळ मारून नेई. बाबा रोज म्हणायचे, रविवारी बसून बोलू. रविवारी म्हणायचे, मॅच होऊ दे. मॅच झाली की म्हणायचे, पौष चालू आहे, संपू दे. मला वडिलांची तडफड दिसत होती आणि चीडही येत होती. मला ते स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. आणि "बाबा, मला जायचंय" हे तीन शब्दांचं वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणायचा मला धीर होत नव्हता. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते.

त्या रविवारी काका खाली आले ते पेपरची घडी घेऊनच. हिरव्यांचा आठ नंबर गेला होता. स्पेनला. बाबांनी बातमी दोनदा वाचली आणि पेपर टीपॉयवर ठेवला.

"ह्या वयात भाव आला त्याला," काका म्हणाले. "नशीबवान माणूस."

"आणि क्लबाचं काय? त्याच्याशिवाय त्या क्लबात आहे काय?"

"जाऊ द्या की त्याला," मी म्हणाले. "इतकी वर्षं दिली त्याने. आता त्याला बघू दे ना जग."

"तू तर जाऊ द्याच म्हणशील!" बाबा माझ्यावर ओरडले. बाबा कधी ओरडायचे नाहीत. टीव्हीवर पट्टेवाले आणि जांभळे खेळत होते, आमच्यापैकी कुणीच बघत नव्हतं. काकांना अवघडल्यासारखं झालं. ते उठून म्हणाले, "चला, वहिनींकडे चला. वहिनी सांगतील."

आई मटार सोलत होती. काकांनी नेहमीसारखी केस मांडायला घेतली. एक माणूस हाय, लहान गावात आयुष्य काढलं, आता लांबून बोलावणं आलंय. आईने त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"दुपारी बडोद्याहून फोन आला होता," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत सांगा म्हणतात. त्यांच्याकडे दुसरं स्थळ आलंय."

बाबा म्हणाले, "पौष चालू आहे अजून."

"पौषात लग्न करत नाहीत. होकार द्यायला पंचांग लागत नाही."

"मी येतो मग," काका म्हणाले.

"बसा," आई म्हणाली. "तुम्ही काय परके आहात?"

काका बसले. बाबा उभेच होते. ते म्हणाले, "ती गेल्यावर मी बोलू कुणाशी?" माझ्याकडे बघत नव्हते. "शेठ आहेत, पण ते रात्री वर जातात. कारखान्यातून आल्यावर मी बोलू कुणाशी घरात?"

मला रडू येत होतं आणि राग पण, कारण हे ऐकल्यावर मी हो तरी कशी म्हणू?

"तूच सांग," बाबा आईला म्हणाले. "आजवर कधी तुझा निकाल मोडला नाही. तू म्हणशील ते करू. जा म्हणालीस तर जाईल."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हा निकाल मला मागू नका," ती म्हणाली.

"का?"

"निकाल ज्याचं काही जात नाही त्याने द्यायचा असतो. माझं काही जात नाही असं वाटलं होय तुम्हाला?"

ती हे अगदी हळू बोलली. बाबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. इतके दिवस मी बाबांच्या जिवाला घोर लागलाय म्हणून झुरत होते, बाबा माझ्यासाठी झुरत होते, आणि जी बाई बडोद्याचे सगळे फोन घेत होती तिच्या पोटात काय चाललंय हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आता मी बोलले नाही तर कुणीच बोलणार नव्हतं.

"मला जायचंय," मी म्हणाले. "मला तो आवडलाय."

बाबांनी मान हलवली. एकदा हलवली, मग परत हलवली. "मग झालं तर," ते म्हणाले, उठले आणि फोनपाशी गेले. नंबर त्यांना पाठ होता, ते मला तेव्हाच कळलं. "नमस्कार," ते म्हणाले. "नाशिकहून बोलतोय. हो. मुलगी तयार आहे. आम्ही पण तयार आहोत." मग तिकडचं बराच वेळ ऐकत राहिले, हो हो म्हणत राहिले आणि फोन ठेवला.

परत येऊन ते सोफ्यावर त्यांच्या जागेवर बसले. दुसरा हाफ सुरू झाला होता. आईने मटाराचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि येऊन सोफ्यावर बसली, मी बसते त्या जागी. इतक्या वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. थोडा वेळ तिने टीव्हीकडे बघितलं.

"हं, सांगा," ती बाबांना म्हणाली. "हे कोण नि ते कोण? कुठे न्यायचाय तो बॉल?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांना सांगता येईना. काका चपला शोधायला लागले. मग मीच आईच्या शेजारी दाटीवाटीने बसले आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.