कौशीला द्यायचा कागद

कौशी गेल्याचा फोन तिच्या वडिलांनीच केला. "पोरगी गेली गं बाई," एवढंच आबा बोलले. मागं कुणीतरी रडत होतं. मी ऑफिसात होते, समोर एका नव्या वसाहतीचा पर्यावरण अहवाल उघडा होता. तो मिटला. सव्वा महिना झाला... अजून मन थाऱ्यावर नाही.

आम्ही विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला एकत्र होतो. कौसल्या धनगराच्या घरातली, चितेगावच्या पुढच्या एका वस्तीवरची, घरातली पहिली एम.एस्सी. मी शहरातल्या कारकुनांच्या घरातली. ते वर्ष दुष्काळाचं. हॉस्टेलवर टँकर यायचा, बादल्यांवरून भांडणं व्हायची, आणि वर्गात आम्ही जलधोरण शिकायचो! माळावर गेलो की वाळक्या काड्या बघून कौशी गवताची नावं सांगायची, पवन्या, मारवेल, कुसळी. मला सगळं एकसारखंच दिसायचं. "अगं, तुला नाय दिसायचं. मेंढराला इचार," असं म्हणून ती माझी टर उडवायची, आणि परत येताना आपली वही माझ्या पिशवीत टाकायची. त्या वहीवर मी पास झाले, हे उघड सांगते.

पुढं ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. मला अहवाल करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. शहर पैठण रस्त्यानं पसरतच होतं. एका कारखान्यासाठी कौशीच्या वस्तीलगतचा सरकारी माळ हवा होता आणि ते काम नेमकं माझ्याकडं आलं. मार्चमध्ये दोन दिवस फिरले. माळावर चिटपाखरू नव्हतं. लिहून टाकलं, चराईसाठी वापर नाही. दिवाळीनंतर यांची मेंढरं गोदाकाठाकडं जातात आणि मृगाला याच माळावर परत येतात, हे मला कौशीनंच सांगितलेलं. विसरले होते. की विसरून घेतलं... देव जाणे. तिला एक फोन करायला काय झालं होतं मला?

जनसुनावणीला ती अहवाल घेऊन उभी राहिली. "लिहिणाऱ्याला म्हणावं, पावसाळ्यात येऊन बघ." माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही, नाव घेतलं नाही. नंतर बाहेर टपरीवर चहा घेताना म्हणाली, "चूक झाली, झाली. तसं लिहून दे, बस्स." मी म्हटलं, "बघते." नोकरी जायची भीती होती. माळाला तारेचं कुंपण पडलं, आबांनी निम्मी मेंढरं विकली, आणि कौशीनं माझ्याशी बोलणं काही सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

मग आजारानं तिला सहा महिन्यांत पार खाल्लं. दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "दिलंस का गं लिहून?" तिच्या चेहऱ्याकडं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, दिलं." ती हसली. आबांकडं मान वळवून म्हणाली, "बघा, म्हनलं नव्हतं? देईल ती."

मागच्या रविवारी वस्तीवर गेले. तिच्या खोलीत वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेल्या गवताचे गठ्ठे तसेच होते. आबांनी भिंतीवरचा तिचा फोटो दाखवला. "त्या कागदाची येक झेरॉक्स दे बाई, हितं लावतो. पोरगी लई खूश व्हती त्याच्यावर." मी मान डोलावली. मेलेल्या मैत्रिणीच्या नावावर पुन्हा खोटं!

तो कागद नव्हताच, आबा. परवा लिहिला, खाली सही केली, सरकारी कचेरीत देऊन पोच घेतली. आता त्यानं कुंपण हटेल असं मला वाटत नाही. हा लेख छापून आला की दोन्ही घेऊन मी वस्तीवर जाणार आहे. आबांना वाचता येत नाही. त्यांच्यापुढं बसून मलाच सगळं मोठ्यानं वाचावं लागेल.