दर आठवड्याला नवी गत

सबंध वऱ्हाडात आमच्या मावसाजींइतका चांगला सतारिया नव्हता, आणि त्यांच्याइतका वाईट मास्तरही नव्हता. हे मत खुद्द मावशीचं. साठ सालाच्या आसपास मी तिच्याकडे राहून अमरावतीला कॉलेजात शिकत होतो. मावसाजी आठवड्यातून एकदा बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याच्या शिष्यांकडे जात. गाडीत खिडकीची जागा सतारीची. कोणी "हे वर ठेवा ना" म्हटलं, तर म्हणत, "तुमी बायकोले ठेवता काय वर?"

त्यांचा जीव अडकला होता स्वतः बांधलेल्या एका गतीत, म्हणजे सतारीवरच्या बंदिशीत. आपण श्रोत्यांत बसावं आणि शिष्यांनी ती वाजवावी, एवढी एकच इच्छा. अडचण अशी, की ती गत ते दर आठवड्याला बदलत. पोरं बोटं सोलवटेपर्यंत घोटून येत आणि मावसाजी कानांवर हात ठेवत.

"हे काय वाजवून राहिला बे? कोणं शिकवलं तुले?"

"तुमीच, मास्तर."

"मी? मले काय अक्कल नाही?" की झाली नवी दुरुस्ती सुरू.

शेवटी अकोल्यात शिष्यांचा जलसा ठरला. एकत्र तालीम मात्र झालीच नाही. "तालीम नको, तुमी पुन्हा बदलसान," असं शिष्यांनीच हात जोडून विनवलं होतं. मावसाजी नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मी. पाच सतारी सुरू झाल्या आणि दुसऱ्याच आवर्तनात पाच दिशांना पांगल्या. ज्यानं ज्या आठवड्यापासून दांडी मारली होती, त्याची गत तिथंच राहिली होती. तबलजी बिचारा एकेकाचं तोंड पाहत ठेका धरून होता. ओशाळून एकेक सतार गप्प झाली. उरली एक. लग्न होऊन परतवाड्याला गेलेली मावसाजींची एक जुनी शिष्या जलशापुरती आली होती. तिला अगदी पहिलीच गत ठाऊक, आणि ती डोळे मिटून वाजवत होती.

आता मावसाजी उठून ओरडणार म्हणून मी त्यांचा हात धरायच्या बेतात होतो. पण त्यांची मान डोलायला लागली होती.

"काय गोड गत आहे बे! कोणाची आहे?"

"तुमचीच, मावसाजी. पहिली."

परतताना बडनेरा येईतो ते तीच गत गुणगुणत होते. मग म्हणाले, "दुसऱ्याची समजून आयकली ना, म्हणून चूक नाई सापडली." मला हसू आलं आणि भडभडूनही आलं.

पुढे त्यांनी त्या गतीला हात लावला नाही. ऐकावीशी वाटली की परतवाड्याची मोटार धरत, आणि त्या मुलीपुढे मांडी घालून निमूट बसत.