वैशालीची आई आली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. याला धाडस म्हणायचं का? मी तरी म्हणत नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पडेगावात एका भाड्याच्या बंगल्यात एक परदेशी मिशनरी कुटुंब राहायचं. रूथ मॅडम, त्यांचे साहेब, त्यांची दोन पोरं आणि आसपासच्या खेड्यांतल्या बारा मुली. मुलींनी तिथं राहायचं, शाळेत जायचं, सुट्टीत न्यायला कुणी आलं तर घरी जायचं. मी कारकुनाची मुलगी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मॅडमना मराठी यायचं ते ‘बसा’ आणि ‘चहा घ्या’ एवढंच, म्हणून मुलींच्या आईबापांशी बोलायला त्यांनी मला ठेवलं होतं. इकडचं बोलणं तिकडे जायचं ते माझ्याच तोंडून.

घर आनंदी होतं — हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुरुंगाबद्दल बोलतेय. दिवाळीचा आकाशकंदील नाताळपर्यंत उतरवायचा नाही, हा तिथला रिवाज. खाली एक चांदणी लटकवली की झाला नाताळ. साहेब लुंगी लावून चकल्या पाडायचे, त्या तेलात विरघळायच्या, आणि मुली हसून हसून बेजार. नाताळला केक असायचा, पण मुली पुरणपोळी मागायच्या, मग दोन्ही व्हायचं. मॅडम सारख्या म्हणायच्या की तू नसतीस तर आमचं काय झालं असतं. मला ते हळूहळू खरंच वाटायला लागलं होतं.

त्या दिवाळीला मॅडमची ऐंशी वर्षांची आई येणार होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिच्यासाठी मुलींचं गाणं ठरलं. ते मी बसवलं होतं. गाणं कसलं, सगळ्या नुसत्या ओरडायच्या. सुरात गायची एकटी वैशाली. दहा वर्षांची, बाप नाही, आई दौलताबादच्या पलीकडे एका खेड्यात मजुरी करायची, घरी धाकटा भाऊ. भाऊबीजेला आई न्यायला येणार म्हणून ती चार दिवस आधीच पिशवी भरून बसली होती. आणि मी? मी मनात म्हणत होते, नाही आली तर बरं.

ती आली. पाडव्याला सकाळी, उन्हात चालत, हातात स्टीलचा डबा. डब्यावर तिचं नाव कोरलेलं, आत करंज्या. व्हरांड्यात मॅडम आणि मी. मागच्या खोलीत मुली तालीम करत होत्या, वैशालीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“भाऊबीजंला नेती वो बाई,” ती म्हणाली. “धाकला लई वाट बघतोय तिची. दोन दिसांत आणून सोडती.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की ही मुलीला कापूस वेचायला न्यायची म्हणतेय.

त्या घरात एवढं पुरत होतं. आदल्या वर्षी दोन मुलींना अशाच वेचणीला नेलं, त्या संक्रांत झाल्यावर परतल्या. तेव्हापासून कामासाठी मुलगी सोडायची नाही, असं ठरलं होतं. मॅडमचा चेहरा पडला. पुन्हा विचार, म्हणाल्या, नीट विचार. मी वळून त्या बाईला विचारलं — गावाहून कशानं आलात ते. आणि मॅडमना म्हटलं, हो, कापूसच. मग त्या म्हणाल्या की निदान मुलीला भेटू दे तिला. मुलगी रडेल, मी म्हटलं.

इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगूही शकले असते. गाण्यासाठी खोटं बोलले — लाज वाटते, पण तोंडातून निघतं. पुढचं निघत नाही.

आईला काय सांगायचं होतं मला? मॅडम नको म्हणतात, एवढं म्हणाले असते तर ती त्यांना शिव्या घालत गेली असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली असती. पण मॅडमवर आळ नको, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी म्हणाले, “वैशालीच नको म्हणतेय. इथंच दिवाळी करायची म्हणते.”

ती आतल्या गाण्याकडे कान देऊन जरा उभी राहिली.

“ही आमचीच गाती ना?”

“हो.”

“करमतंय म्हणायचं मग तिला.”

डबा माझ्या हातात देऊन ती गेली. करंज्या मी सगळ्यांना वाटल्या. कुणी दिल्या ते सांगितलं नाही. वैशाली फाटकाकडे बघत होती, तिला म्हटलं, आईला जमलं नसेल. दुसऱ्या दिवशी ती सुरेख गायली. म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसत माझा हात हातात घेतला, आणि मला — खरं सांगते — फार बरं वाटलं.

आई पुन्हा कधी आली नाही. पुढं मॅडम-साहेब मायदेशी गेले, मुली पांगल्या. वैशाली नर्स झाली, आता चिकलठाण्याला असते. मधे एकदा गावी जाऊन आली. घर पडलेलं, मायलेक पुण्याकडे गेले एवढंच लोकांना ठाऊक. तिनं पुढं शोधलं नाही. आईला नको होते तर मी कशाला मागं लागू, म्हणाली.

दर भाऊबीजेला ती माझ्याकडे येते, माझ्या मुलाला ओवाळते. मला मावशी म्हणते. ओवाळणीची साडी मी माझ्या मुलाच्या हातून देते.

यंदा निरांजन खाली ठेवता ठेवता तिनं विचारलं, “मावशी, माझी आई कधीच आली नव्हती का वो?”

मी म्हणाले, “नाही.”

पंधरा वर्षांपूर्वी नव्हे, हे मी यंदा म्हणाले. मग तिला फराळ बांधून दिला. कोरलेल्या नावाचा डबा वरच्या फळीवर होता, हाताशीच. मी दुसरा दिला.